रेघेच्या वर दोन हात

आमच्या गावात शाळेच्या भिंतीवर एक लाल रेघ आहे. मागच्या महापुराचं पाणी जिथवर चढलं होतं, तिथं ग्रामपंचायतीनं ऑइलपेंटनं ओढलेली. निवृत्त झाल्यावर मी गावाकडं घर बांधायला काढलं, तेव्हा सगळ्यात आधी गवंड्याला घेऊन त्या रेघेपाशी गेले. त्यानं पाण्याची नळी लावून ती पातळी दोन घरं ओलांडून माझ्या जागेवर आणली, खुंटीवर खूण केली. मी म्हणाले, "आता ह्याच्यावर दोन हात जोतं घ्या." तो हसला. "बाई, किल्ला बांधताय व्हय?" म्हटलं, हो, किल्लाच. घराला नऊ पायऱ्या झाल्या. येणारा-जाणारा चेष्टा करायचा आणि मी म्हणायचे, करा चेष्टा, पुढच्या पुराला माझ्याच ओट्यावर येऊन बसाल.

माझा स्वभावच तसला. सांगलीत मुलींच्या बोर्डिंगची मेट्रन म्हणून तीस वर्षं काढली. घंटा, हजेरी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मुली पाठीमागं मला हवालदारीण म्हणायच्या, ते मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंसुद्धा. एखादी नवीन पोर घरच्या आठवणीनं रडायला लागली की मी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगायचे, "प्रभूवर सोपव आणि झोप. पाचला घंटा आहे." पोर झोपायची. मी मात्र सगळ्या दारांच्या कड्या तीन-तीनदा ओढून बघायचे.

माझी स्वतःची प्रार्थना म्हणजे ड्युटीचा तक्ता. देवा, अमकीचा ताप उतरव, टँकर आठच्या आत पाठव, स्वयंपाकिणीचं डोकं ठिकाणावर ठेव, आमेन. त्यानं त्याच्या मनानं काही करावं अशी फट मी कधी ठेवलीच नाही. त्याला कारण होतं. मी अकरा वर्षांची असताना आम्ही साताऱ्याकडं राहत होतो, वडील तिथल्या एका खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीत धर्मशिक्षक. त्यांना कावीळ झाली आणि काही केल्या उतरेना. एका दुपारी आईनं त्यांच्या उशाशी गुडघे टेकले आणि डोळे मिटून म्हणाली, "देवा, तुझंच माणूस हाय. तुझ्या मर्जीनं हू दे." मी दारात उभी राहून ऐकत होते. दिवे लागायच्या आत वडील गेले.

मोठ्या माणसांनी मला खूप समजावलं. आजार हाताबाहेर गेला होता, त्यांची सुटका झाली, वगैरे. माझ्या डोक्यात एकच बसलं, की आईनं हात सोडला म्हणून देवानं नेलं. त्या दिवसापासून तसलं वाक्य मी तोंडातनं काढलं नाही. चर्चमधल्या उपासनेत पाळक म्हणायला लागले, की आपलं सगळं त्याच्या हाती देऊन टाका, की मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागायचे. देव शब्दाला पक्का आहे. आपण बोलून बसायचं आणि तो घेऊन जायचा. नको रे बाबा.

गावाकडं घर बांधलं ते आईसाठी. तिला लकवा झाला, उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. बोललीच तर दोन-तीन शब्द, आणि तेही फक्त मलाच कळतात, असं मी सगळ्यांना सांगायचे. गोळ्यांचा तक्ता भिंतीला. भात किती मऊ, पाणी किती घोट, कूस किती वाजता बदलायची, सगळं लिहिलेलं. शेजारणीनं मायेनं वाटीभर शिरा आणला तरी मी तो दारातनंच परत पाठवायचे. आई नुसती बघायची.

तर त्या वर्षी नागपंचमीच्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला. तो साताऱ्यात नोकरीला. म्हणाला, "ताई, इकडं पाऊस थांबायचं नाव न्हाई. कोयनेचे दरवाजे उचललेत. इथलं पाणी उद्या तुझ्या दारात. आईला घेऊन तासगावला तरी जा." मी त्याला झाडलं. म्हटलं, तू मला शिकवू नकोस, जोतं मोजून घेतलंय. तो म्हणाला, "जोतं मोजलंस, पाऊस मोजलास का?" मी फोन ठेवून दिला. मोठ्या बहिणीशी बोलायची ही काय पद्धत?

दुपारी पाळक टेंपो घेऊन आले. वयानं माझ्याहून वीस वर्षांनी लहान, अंगावर ठिबकणारा रेनकोट, गुडघ्यापर्यंत चिखल. गावात आमची ख्रिस्ती घरं चार, त्यातली तीन टेंपोत बसली होती.

"सलाम, बाई. चला, आईंना उचलून घेतो."

"आम्ही येणार नाही."

"बाई, पाणी रात्रीत वाढणार म्हणतात."

मी ओट्यावर उभी, ते खाली पहिल्या पायरीपाशी. मी म्हणाले, "पाळकसाहेब, भिऊ नका म्हणून तुम्हीच दर रविवारी सांगता ना? आमचा प्रभूवर विश्वास आहे. तो सांभाळेल."

हे मी असं काही ठणकावून बोलले, की टेंपोतल्या दोघी बायकांनी माना डोलावल्या. विश्वास आहे म्हणणाऱ्या बाईला पाळकानं काय म्हणावं? पण ते बोलताना माझ्या डोळ्यांपुढं प्रभू नव्हता. लाल रेघ होती, आणि तिच्यावरचे दोन हात होते. देवाचं नाव घेऊन मी सरळ सरळ खोटं बोलले.

पाळक म्हणाले, "मग निदान आईंना तरी द्या."

"न्यायचं तर न्या. मी घर सोडून हलणार नाही."

ते आत गेले, आईच्या खाटेपाशी वाकले. "आजी, येता का माझ्याबरोबर?" आईनं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान हलवली आणि म्हणाली, "न्हाई."

"बघा," मी म्हणाले, "तिचाही विश्वास आहे." टेंपो गेला. मी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी अंगणात आलं. आवाज नाही, लाटा नाहीत. गढूळ पाणी नुसतं सरकत येतं, जास्वंदीच्या बुडाशी थांबल्यासारखं करतं आणि पुन्हा सरकतं. मी ओट्यावर खुर्ची टाकून बसले. न्याहारीच्या वेळी पहिली पायरी गेली. जेवायच्या वेळी तिसरी. वीज गेली, मग फोन गेला. चौथ्या पायरीवर एक धामण वेटोळं करून बसली होती, ती पाणी वाढलं तशी पाचवीवर आली. मी काठी आपटली तरी हलेना. तिला तरी कुठं जायला जागा होती? समोरनं माणसं डोक्यावर बोचकी घेऊन, कमरेपर्यंतच्या पाण्यातनं चालली होती. ओरडून म्हणत होती, "बाई, चला आता!" मी हात वर करून म्हणायचे, "जोतं उंच आहे आमचं!" माझा आवाज माझ्याच कानाला चोरट्यासारखा लागत होता.

ओट्यावरनं शाळेची भिंत दिसते. संध्याकाळी पाणी रेघेच्या खाली वीतभर होतं. मी मनात म्हटलं, आता थांबेल. मागच्या वेळी इथंच थांबलं होतं. जणू कृष्णेनं माझ्यासमोर सही केली होती. सकाळी उजाडल्यावर दार उघडून बघते, तर भिंत होती, रेघ नव्हती. आणि माझ्या नऊतल्या आठ पायऱ्या नव्हत्या.

आपण किती मोठी चूक केली, हे एका क्षणात कळावं आणि ती निस्तरायला काहीच हाताशी नसावं, ह्यासारखी भीती नाही. मी आत पळाले, कोपऱ्यातले चार-चार ब्लॉक आणून आईच्या खाटेच्या पायांखाली घातले. खाट उचलताना कंबर मोडायची वेळ आली. तासाभरात पाणी उंबऱ्यावरनं आत आलं. चपला तरंगायला लागल्या, मग पाट, मग गोळ्यांचा तक्ता भिंतीवरनं सुटून पालथा पडला. आई खाटेवर उताणी, छताकडं बघत. मी तिला सांगत होते, "काही नाही, आई, थोडंसंच आहे."

माझ्या घरामागं गुऱ्हाळ आहे. त्याचा मालक तालमीत तयार झालेला, साठीला टेकलेला माणूस. गुऱ्हाळाच्या धुरावरनं मी ग्रामपंचायतीत त्याच्याविरुद्ध अर्ज दिला होता, त्यामुळं तीन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. दहाच्या सुमाराला तोच पोहत माझ्या ओट्याला येऊन लागला. धापा टाकत म्हणाला, "आवं बाई, तुमी हायसा व्हय अजून? म्हातारीबी? थांबा, काहील घिऊन येतो."

काहील म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडी कढई. रुंदीला पाच-सहा हात, खोल दीड-दोन हात. आमच्याकडं पुरात होडी मिळाली नाही की तीच होडी होते. तिला पुढं-मागं नसतं, वल्हं नसतं. दोघं पट्टीचे पोहणारे काठ धरून ढकलत नेतात आणि ती आपली गोल-गोल फिरत जाते. दुपारी तो आणि त्याचा पुतण्या, चांगला तिशीचा बाप्या, काहील घेऊन दारात आले. त्यात आधीच एक बाळंतीण बसली होती, पदराखाली अकरा दिवसांचं मूल. दोघांनी आईला वाकळीसकट उचललं आणि आत निजवली. मी पाय टाकला तशी काहील कलली, काठावरनं पाणी आत आलं. बाळंतीण किंचाळली.

"बाई, उतरा! दुसऱ्या खेपंला नेतो तुमास्नी."

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "हिला दुसऱ्या खेपेला न्या. आईबरोबर मीच पाहिजे. तिचं दुसऱ्या कुणाला काही कळत नाही." अकरा दिवसांच्या मुलाच्या आईला मी उतरवायला निघाले होते. तो पैलवान माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "बाई, बोर्डिंग न्हवं ह्ये."

मी उतरले. गुडघाभर पाण्यात उभी राहून सूचना सुरू केल्या. गोळ्यांची पिशवी तिच्या गळ्यात बांधलीय, सकाळी पांढरी, रात्री अर्धी पिवळी, पाणी डाव्या गालातनं द्या, उताणी असताना देऊ नका, ठसका लागतो. तो "व्हय, व्हय" म्हणत होता. आईनं डाव्या हातानं माझं मनगट पकडलं होतं. ती त्या दोघांकडं बघत मान हलवत होती आणि "हि… हि…" असा काहीतरी आवाज काढत होती. इतकी घाबरलेली मी तिला कधी बघितली नव्हती. मी म्हणाले, "आई, भिऊ नको, मी आहे." कुठं होते मी? मी तर मागंच राहणार होते.

"बाई, हात सोडा."

मी दोन्ही हातांनी काहिलीचा काठ धरला होता.

"एक मिनिट."

"आवं, वढ वाढालीय! हात सोडा की वं!"

मला सोडायचा होता. देवाशपथ, सोडायचा होता. पण बोटं अशी आवळली होती, की माझीच मला उघडेनात. शेवटी त्यानं एकेक करून ती उचकटली. आधी डाव्या हाताची, मग उजव्या हाताची, लहान मुलाच्या मुठीतनं चाकू काढून घ्यावा तशी. मंडळीत लोक उभे राहून साक्ष देतात, अमक्या दिवशी मी माझं जीवन प्रभूच्या स्वाधीन केलं, आणि सगळे आनंदानं आमेन म्हणतात. पुढं पाळकांनी मलाही साक्ष द्यायला सांगितलं होतं. मी नाही म्हणाले. मी काही स्वाधीन केलं नाही. माझी बोटं उचकटावी लागली.

काहील निघाली. फिरत-फिरत. आईचं तोंड माझ्याकडं व्हायचं, मग पाय व्हायचे, मग पुन्हा तोंड. प्रत्येक वेळी तो डावा हात वर. शाळेच्या कोपऱ्यावर ती एकदा जोरात फिरली आणि दिसेनाशी झाली.

दुसरी खेप आली नाही. घरात कमरेएवढं पाणी झालं तशी मी गच्चीवर गेले. पलीकडच्या गच्चीवर एक नवरा-बायको होते, मधे आठ-दहा हात पाणी. त्यांनी भाकरीचा तुकडा फडक्यात बांधून फेकला, तो मी झेलला आणि तसाच हातात धरून बसले. अंधार पडला, उजाडलं, पाऊस तसाच. आणि सकाळी गच्चीवरनं गच्चीवर ओरडत बातमी आली. त्या बाईनं मला ओरडून सांगितलं, "पलीकडं होडी उलटली म्हणं! मान्सं ग्येली!"

"होडी का काहील?"

तिनं पुढच्या गच्चीला विचारलं. त्यांनी त्याच्या पुढच्या. मी कठड्याला धरून वाट बघत होते. उत्तर आलं, "कळंना!"

मी घसा फाटेपर्यंत विचारत राहिले. कवा उलटली? कुठं? म्हातारी होती का कुणी? कळंना, कळंना. शेवटी ती बाईच रडायला लागली, तेव्हा मी गप्प बसले.

मग मी प्रार्थनेला बसले, आणि सवयीनं तक्ता सुरू झाला. देवा, काहील काठाला लाव, तिला कुणीतरी कोरडं नेसव, गोळी… आणि तिथं मी थांबले. काहील काल दुपारी गेली होती. जे व्हायचं ते कालच होऊन गेलं होतं. देवाला सांगायला माझ्याकडं काही उरलंच नव्हतं. उरलं होतं ते एकच वाक्य, आणि ते मला म्हणायचं नव्हतं. वाटलं, म्हटलं की गेलीच. इतकी वर्षं तोंड मिटून धरलं म्हणून तर ती जगली. वेडेपणा आहे हे कळत होतं. कळून काही उपयोग नव्हता. किती वेळ मी त्या वाक्यापाशी अडून बसले, देव जाणे.

मग म्हणाले. गोड आवाजात नाही, भांडल्यासारखी म्हणाले. "घे. तुझीच आहे. असेल तर तुझी, नसेल तर तुझी. मला आता काही येत नाही. आणि मी खोटं बोलले, तुझं नाव सांगितलं आणि भरवसा रंगाच्या रेघेवर ठेवला. त्याची शिक्षा तिला देऊ नकोस. मला लय भीती वाटतेय. ऐकतोयस का?"

शांती-बिंती काही उतरली नाही. दात वाजतच होते. फक्त, तीन दिवस टक्क उघडे असलेले माझे डोळे मिटले आणि त्या पावसात, भिंतीला टेकून, मला घटकाभर झोप लागली.

दुपारनंतर जवानांची होडी आली. मला उंचावरच्या एका गावातल्या शाळेत सोडलं. तिथल्या वहीत आईचं नाव नव्हतं. मी पानं उलटत होते तेवढ्यात व्हरांड्यात तो पैलवान दिसला. दोन्ही तळव्यांना पट्ट्या, काहिलीच्या काठानं हात सोलून निघाले होते. मी पळत गेले. तो उठून उभा राहिला.

"पोचिवली, बाई. बाळंतीणबी पोचली. म्हातारीला तासगावच्या टेंपोत घातली. परत निगालो, पर वढीनं काहीलच ग्येली आमची."

मी खालीच बसले. मग विचारलं, "काही बोलली का?"

"सारखं कायतरी म्हणत हुती, मला उमगंना. लय आकांत केला तिनं वाटंत."

आकांत. तो शब्द घेऊन मी तासगावला गेले. मिळेल त्या ट्रॅक्टरनं, मिळेल त्या एसटीनं. पहिल्या ठिकाणी नाही. दुसऱ्या ठिकाणी, एका दवाखान्यात, टेबलामागच्या माणसानं वही बघून मला खुर्चीवर बसायला सांगितलं. माणूस बसायला सांगतो तेव्हाच समजावं. म्हणाला, "लकव्याची एक आजी काल गेली. पुरातनं आणलेली. ओळख पटलेली नाही. बघणार का?"

त्या बोळातनं मी चालले. पन्नास पावलं असतील. भिंतीला हात लावत चालले, कारण पाय कुठं पडताहेत कळत नव्हतं. मनात एकच घोकत होते, तुझी आहे, तुझी आहे, आणि प्रत्येक वेळी अंगावर काटा येत होता, कारण आता तो म्हणेल, हो, माझीच, म्हणून तर नेली. दारापाशी मला वाटलं, परत फिरावं. बघितलंच नाही तर ती जिवंतच राहील. वॉर्डबॉयनं चादर बाजूला केली.

आई नव्हती. दुसरंच कुणीतरी होतं, कपाळावर गोंदलेलं. मला आनंद झाला. मोठ्यानं हसायला येईल इतका आनंद झाला, आणि दुसऱ्याच क्षणाला लाजेनं मेल्यासारखं झालं. हीसुद्धा कुणाची तरी आई होती आणि तिच्यासाठी अजून कुणी आलं नव्हतं. मी तिच्या अंगावर चादर नीट ओढली.

तिसऱ्या ठिकाणी म्हणाले, गावाबाहेर बेदाण्याच्या शेडमध्ये काही माणसं ठेवलीत, तिथं बघा. द्राक्षं वाळवायची शेड म्हणजे दोन्ही बाजूंना एकावर एक जाळ्यांचे मजले. हंगाम नव्हता, जाळ्या रिकाम्या होत्या, त्यांवर सतरंज्या टाकून पूरग्रस्त निजवले होते. खालच्या जाळीवर, दाराकडं तोंड करून, माझी आई पडली होती. एक बाई तिला चहात भिजवलेली भाकरी भरवत होती. जतकडची, शेडवर कामाला आलेली. चहात भाकरी! चार वर्षं मी तिला मऊ भाताशिवाय काही दिलं नव्हतं. आणि आई खात होती.

आईनं मला बघितलं. घास तोंडात तसाच राहिला. मी जवळ गेले तर तिनं डावा हात माझ्या तोंडावरनं, खांद्यावरनं, दंडावरनं फिरवला. बाजारात कोंबडी चाचपतात तशी चाचपत होती. मग डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं.

ती बाई म्हणाली, "तुमी हिची ल्येक व्हय? बरं झालं बया आलीस. दोन दिस झालं, जेवंना, निजंना, आत्ता कुटं दोन घास घेतलं. सारखं आपलं 'हिला न्या, हिला न्या.' मी म्हटलं, कुणाला न्यायचं, आज्जी? तुकडं-तुकडं जोडलं तवा उमगलं. काहिलीतबी त्येच वरडत हुती म्हणं. मला ठिवा आन् हिला न्या."

मी आईकडं बघितलं. काहिलीच्या काठाशी ती मान हलवत होती ते जीव घाबरला म्हणून नव्हे. मला घ्या, म्हणून ती त्या दोघांशी भांडत होती. आणि फक्त मलाच तिची भाषा कळते म्हणणारी मी, तिला म्हणत होते, भिऊ नको.

मी तिच्या उशाशी गुडघ्यांवर बसले. सगळं सांगून टाकलं. "आई, पाळक आले तेव्हा मी खोटं बोलले. विश्वास-बिश्वास काही नव्हता माझा. त्या रेघेच्या जिवावर बोलले मी. तुला जाता आलं असतं टेंपोतनं."

"ठावं… हुतं," आई म्हणाली.

"ठाऊक होतं? मग 'न्हाई' का म्हणालीस? का नाही गेलीस?"

तिला शब्द जुळवायला वेळ लागत होता. ती बाई चहाची वाटी हातात धरून थांबली होती. आईनं तिचा बरा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"तू," ती म्हणाली, "भ्याली हुतीस."